निजामाची दस्तार आणि स्पिटफायर

‘द फर्स्ट ऑफ द फ्यू’ हा बोलपट १९४२ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, इंग्लंडात निघाला. लेस्ली हॉवर्डने तो दिग्दर्शित केला आणि स्पिटफायर विमानाचा आराखडा करणाऱ्या मिचेलची भूमिकाही त्यानेच वठविली. खरे लढाऊ वैमानिकच त्यात काही दृश्यांत दिसतात. पुढच्याच वर्षी, १ जून १९४३ रोजी, लिस्बनहून परतणारे हॉवर्डचे प्रवासी विमान जर्मनांनी समुद्रात पाडले.

बोलपटातला मिचेल कामाने झिजून मरतो. खरा मिचेल १९३७ साली कर्करोगाने गेला. सोळाव्या वर्षी तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला होता, हे मात्र आम्हा कामगारांना विसरता येत नाही.

मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. आयुष्य ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले. त्यामुळे असेल, पण विमान उडाले की याचे पैसे कोणी भरले, हाच प्रश्न माझ्या मनात येतो. त्याचे उत्तर शोधीत निघालो तो थेट आपल्या बीडपर्यंत आलो.

ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ क्रमांकाच्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव होते. १९४० च्या जुलैत ती डॉर्सेटमधील वॉर्मवेलच्या तळावर आली आणि स्पिटफायर घेऊन पोर्टलंडच्या आकाशात लढली. हरिकेन विमानांची २५३ वी तुकडीही हैदराबादच्याच नावाची. पहिल्या महायुद्धात ११० व्या तुकडीची विमाने निजामाच्या देणगीतून आली होती. १५२ च्या मानचिन्हावर निजामाची दस्तार, आणि ब्रीद ‘विश्वासू दोस्त’. मीर उस्मान अली खानाला इंग्रजांनी दिलेल्या किताबातलेच हे शब्द!

देणगी निजामाची, असे ग्रंथांत लिहितात. पण निजाम कोठे नांगर धरीत होता? बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच्याच राज्यात होता. रयतेचा शेतसारा सरकारी तिजोरीत जाई, आणि सर्फ-ए-खास जमिनींचे उत्पन्न निजामाच्या खासगी खजिन्यात. पैसा कोणत्या खजिन्यातून निघाला, हा वाद हिशेबनिसांनी घालावा. दोन्हींकडे जाणारा पाट शेतातूनच निघत होता.

आणि त्या रयतेला काय मिळाले? सभा भरवायची तर गश्ती निशान ५३ प्रमाणे आधी परवानगी काढा! स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी. आपल्या आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकविलेले स्वामी रामानंद तीर्थ १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. तिकडे स्वातंत्र्यासाठी विमाने झुंजत होती, आणि त्यांच्यावर नाव होते या राज्याचे.

वैमानिकांचे शौर्य मी कमी लेखीत नाही. विशी-पंचविशीतली पोरे ती. १९४३ अखेरीस १५२ वी तुकडी ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी इकडे पूर्वेला आली. मानचिन्हावर दस्तार होतीच.