मायक्रो : दहा लाखांतील एक भाग

प्लास्टिकच्या पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजली जाते, थायरॉइडच्या गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये दिलेली असते आणि हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण दर घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम, असे सांगितले जाते. या तिन्ही ठिकाणी येणारा 'मायक्रो' हा उपसर्ग मूळ एककाचा दहा लाखावा भाग दर्शवितो. एका ग्रॅममध्ये एक हजार मिलिग्रॅम असतात, तर दहा लाख मायक्रोग्रॅम. म्हणजेच 'मिली' आणि 'मायक्रो' यांत हजारपटींचे अंतर आहे.

या उपसर्गाचे मूळ 'मिक्रोस' या ग्रीक शब्दात असून त्याचा अर्थ 'लहान' असा होतो. फ्रान्सने १७९५ मध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा केला, तेव्हा त्यात मायक्रो नव्हता. त्या वेळी डेका, हेक्टो, किलो हे मोठ्या मापांचे उपसर्ग ग्रीकमधून, तर डेसी, सेंटी, मिली हे लहान मापांचे उपसर्ग लॅटिनमधून घेण्यात आले होते. पुढे विजेच्या मापनासाठी अधिक मोठ्या व अधिक सूक्ष्म एककांची गरज भासू लागली. १८७३ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिक संस्थेने 'मेगा' आणि 'मायक्रो' यांचा स्वीकार केला. लहान मापाचा असूनही मायक्रो ग्रीकमधून आला आणि जुना संकेत मोडला. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत त्याला अधिकृत स्थान मिळाले.

इंग्रजी 'एम' हे अक्षर मिली आणि मेगा यांनी लहान व मोठ्या लिपीत आधीच व्यापले होते. त्यामुळे मायक्रोसाठी ग्रीक वर्णमालेतील 'म्यू' हे अक्षर वापरले जाते. आंतरराष्ट्रीय पद्धतीतील उपसर्गांपैकी ग्रीक अक्षर केवळ यालाच लाभले आहे.

मात्र हेच चिन्ह औषधोपचारात धोकादायक ठरू शकते. घाईने लिहिलेला 'म्यू' इंग्रजी 'एम'सारखा दिसतो. मग १०० मायक्रोग्रॅमची मात्रा १०० मिलिग्रॅम, म्हणजे हजारपट, वाचली जाण्याची शक्यता असते. म्हणूनच औषधसुरक्षेच्या क्षेत्रात हाताने लिहिताना हे चिन्ह टाळण्याचा सल्ला दिला जातो. त्याऐवजी 'एमसीजी' असा संक्षेप वापरतात किंवा पूर्ण शब्द लिहितात. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची मात्राही प्रत्यक्षात १,५०० मायक्रोग्रॅम, अर्थात केवळ दीड मिलिग्रॅम भरते.

'मायक्रॉन' हे मायक्रोमीटरचेच जुने नाव. १८७९ मध्ये मान्य झालेले हे नाव १९६७-६८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने रद्द केले, तरी व्यवहारात ते टिकून आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार प्लास्टिक पिशवीची किमान जाडी ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन, म्हणजे ०.१२ मिलिमीटर, ठरविण्यात आली. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन असते. हवेच्या प्रदूषणासंदर्भात येणारे 'पीएम २.५' म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण होत. ते इतके बारीक असतात की थेट फुप्फुसांत खोलवर पोहोचतात.

मायक्रोने सुरू होणारा प्रत्येक शब्द मात्र दहा लाखावा भाग सांगत नाही. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. तेथे 'मायक्रो'चा अर्थ, रेडिओलहरींच्या तुलनेत लहान, इतकाच आहे. एककाला जोडून आला, तरच त्याला नेमके संख्यात्मक मूल्य असते. औषधाच्या वेष्टनावर मात्रेपुढे 'एमजी' आहे की 'एमसीजी', हे चिठ्ठीशी ताडून पाहावे आणि शंका आल्यास गोळी घेण्यापूर्वीच डॉक्टरांना अथवा औषधविक्रेत्याला विचारावे.