शाळेची घंटा केव्हां वाजवावी ?

साथ ओसरूं लागली कीं शाळा केव्हां उघडाव्या हा प्रश्न आईबापांना जितका जिव्हाळ्याचा, तितकाच शहराच्या आरोग्याधिकाऱ्याला कठीण. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या वेळीं अमेरिकेंतील दोन शहरांनीं त्याला निरनिराळीं उत्तरें दिलीं.

सेंट लुइसचे आरोग्याधिकारी डॉ. मॅक्स स्टार्क्लॉफ यांनीं ऑक्टोबरच्या आरंभींच शाळा, नाटकगृहें व प्रार्थनामंदिरें बंद केलीं. नोव्हेंबरच्या मध्यास रोग मंदावलेला पाहून शाळा उघडल्या. तोंच मुलांत रोग बळावला आणि महिनाअखेरीस त्या पुन्हां बंद कराव्या लागल्या. वर्ग सुरळीत भरूं लागले ते १९१९ चा जानेवारी उजाडल्यावर.

न्यूयॉर्कमध्यें डॉ. रॉयल कोपलंड यांनीं शाळा बंद केल्याच नाहींत. तेथील सुमारें १० लक्ष विद्यार्थ्यांपैकीं साडेसात लक्ष मुलें त्यांच्या हिशेबानें दाटीवाटीच्या भाडोत्री इमारतींत राहत. अशा मुलांना घरीं कोंडण्यापेक्षां किंवा रस्त्यावर मोकळें सोडण्यापेक्षां शाळेंत देखरेखीखालीं ठेवणें बरें, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुलांनीं बाहेर घोळका न करतां थेट वर्गांत जावें. शिक्षकांनीं प्रत्येकाला निरखून पाहावें. रोगाचीं लक्षणें दिसतांच मुलाला निराळ्या खोलींत बसवून घरीं पोंचवावें. आणि घरीं वेगळें ठेवण्याची सोय नसेल तर रुग्णालयांत न्यावें, असा क्रम ठरला.

हा क्रम एका रात्रींत निर्माण झाला नव्हता. तेथील शाळांत वैद्यकीय तपासणी १८९७ पासून चालू होती. १९०२ मध्यें लीना रॉजर्स ह्या परिचारिकेची शाळांसाठीं नेमणूक झाली. आणि बालआरोग्याचें खातें डॉ. जोसेफिन बेकर यांनीं १९०८ पासून खपून उभें केलें होतें.

एवढ्यावरून शाळा चालू ठेवणेंच श्रेयस्कर, असा निष्कर्ष मात्र काढतां येत नाहीं. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत अमेरिकेंतील ४३ शहरें पडताळून पाहिलीं. ज्यांनीं निर्बंध लवकर घातले, दीर्घकाळ पाळले व एकाच उपायावर भिस्त ठेवली नाहीं, तेथें मृत्यु कमी झाले असें दिसून आलें. न्यूयॉर्कनेंही कचेऱ्या व दुकानें यांच्या वेळा विभागून गर्दी कमी केली होती, हें विसरतां कामा नये.

तेव्हां शाळा उघडण्याचा दिवस केवळ रोग्यांचा आंकडा पाहून ठरत नाहीं. आजारी मूल वेळेवर ओळखणारा शिक्षक, त्याला बसविण्यास एक वेगळी खोली आणि त्याला घरीं पोंचविणारें जबाबदार माणूस, एवढी तयारी ज्या शाळेंत साथीपूर्वींच झालेली असते, तिला घंटा वाजविण्याचा अधिकार लवकर येतो.