मुकादम नकोय मला : फ्रेडरिक डग्लसचे परदेशातले पहिले महिने

आज आपण जाणार आहोत 1845 च्या ऑगस्टमध्ये, बोस्टनहून लिव्हरपूलला निघालेल्या ‘कँब्रिया’ नावाच्या जहाजावर. जहाजात सत्तावीस वर्षांचा एक तरुण आहे. त्याला वरच्या वर्गाची केबिन हवी होती, पण कातडीचा रंग बघून कंपनीनं खालच्या वर्गात पाठवलं. हा फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमधून पळून आलेला गुलाम, आणि मॅसॅच्युसेट्सच्या गुलामीविरोधी संस्थेचा पगारी वक्ता.

आजच्या भाषेत सांगायचं तर तो फेलोशिपवर निघाला होता. फक्त या फेलोशिपमागे एक धोका होता. 1841 मध्ये संस्थेनं त्याला कामावर घेतलं, तेव्हा गोऱ्या सहकाऱ्यांचं म्हणणं असायचं की तू फक्त तुझी हकिकत सांग, तत्त्वज्ञान आम्ही बघून घेऊ. बोलण्यात थोडा मळ्यावरचा गावठी बाज ठेव, असंही सुचवलं गेलं. कारण हा माणूस इतकं चांगलं बोलायचा की हा कधी गुलाम होता यावर लोकांचा विश्वासच बसेना! म्हणून डग्लसनं मे 1845 मध्ये आत्मचरित्र छापलं. त्यात मालकांची नावं होती, गावं होती. संशय मिटला खरा, पण आता मालकालाही कळलं की आपला पळालेला ‘माल’ कुठे आहे. कायद्यानं तो त्याला धरून परत नेऊ शकत होता. बायको अ‍ॅना आणि चार लहान मुलं मागे ठेवून डग्लस निघाला तो या कारणानं.

प्रवासाच्या शेवटी शेवटी कप्तानानं त्याला डेकवर भाषण करायला सांगितलं. झालं! जहाजावरचे गुलामांचे मालक खवळले, समुद्रात फेकून देण्याच्या धमक्या आल्या. दंगा करणाऱ्यांना बेड्या घालीन, असं कप्तानानं बजावलं तेव्हा कुठे ते गप्प झाले.

डब्लिनमध्ये त्याचा यजमान होता रिचर्ड वेब, क्वेकर पंथाचा छापखानेवाला. वेबनं आत्मचरित्राची आयरिश आवृत्ती काढली, 2,000 प्रतींची. या पुस्तकाच्या विक्रीवर डग्लसचा खर्च चालायचा. सभा घ्यायची, आणि सभेनंतर पुस्तकं विकायची. आयर्लंडचा मोठा पुढारी डॅनियल ओ’कॉनेल याच्याबरोबर तो एका व्यासपीठावर बोलला. हॉटेलात, गाडीत, चर्चमध्ये कुणी त्याला हाकललं नाही, याचं त्याला इतकं नवल वाटलं की 1846 च्या पहिल्याच दिवशी बेलफास्टहून त्यानं गॅरिसनला त्यावर लांबलचक पत्र लिहिलं.

वेबशी मात्र त्याचं फारसं जमलं नाही. वेबला हा पाहुणा फार मानी आणि तिरसट वाटायचा. आणि इथेच एक पत्र मध्ये आलं.

झालं होतं असं, की अमेरिकेतली चळवळ 1840 मध्ये फुटली होती. बोस्टनचा गॅरिसन गट एकीकडे, त्याचे विरोधक दुसरीकडे; आणि लंडनची मोठी संस्था विरोधकांच्या जवळची. बोस्टनच्या मारिया वेस्टन चॅपमन यांना धास्ती पडली की लंडनवाले पैशाच्या जोरावर डग्लसला आपल्याकडे ओढतील. त्यांनी वेबला लिहिलं की लक्ष ठेवा. बरोबरचा बफम श्रीमंत आहे, त्याची काळजी नाही, पण डग्लस गरीब आहे. हा मजकूर डग्लसपर्यंत पोचला.

विचार करा, त्याला काय वाटलं असेल. गरीब माणूस विकला जातो, हे गृहीत धरलं होतं कुणी? गुलामांच्या खरेदीविक्रीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्यांनी! मार्च 1846 मध्ये स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉकहून त्यानं चॅपमनबाईंना सरळ उत्तर धाडलं. आशय असा, की मला संस्थेतून घालवायचं असेल तर माझ्यावर देखरेख बसवा, याहून खात्रीचा उपाय नाही. मळ्यावरचा मुकादम ज्यानं पाहिलाय, त्याच्या तोंडी ही तक्रार आली की तिचं वजन वेगळंच होतं.

मला चॅपमनबाई दुष्ट वाटत नाहीत. मेळे भरवून, वर्गणी गोळा करून त्यांनी चळवळ जगवली. आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केली, त्यांतल्याच या एक. पण गुलामी संपवणं आणि काळ्या सहकाऱ्याला बरोबरीनं वागवणं ही दोन कामं आहेत. पहिलं त्यांना जमत होतं.

डग्लस संस्था सोडून गेला नाही, पण दबलाही नाही. मे 1846 मध्ये तो लंडनवाल्यांच्या सभेत जाऊन बोलला. वर्षाअखेरीस न्यूकॅसलच्या रिचर्डसन घरातल्या नणंद-भावजयीच्या पुढाकारानं 150 पौंड जमवून मालकाकडून त्याची कायदेशीर सुटका विकत घेतली गेली. त्यावरही वाद! पैसे देणं म्हणजे माणूस ही मालमत्ता आहे हे मान्य करणं, असं कित्येक जण म्हणाले. आक्षेप तत्त्वाला धरून होता. पण आक्षेप घेणाऱ्यांपैकी कुणाला पकडून दक्षिणेत नेणार नव्हते.

एप्रिल 1847 मध्ये तो परतला, त्याच कँब्रियावरून. या खेपेला तिकिटाचे पूर्ण पैसे भरूनही त्याला इतर प्रवाशांपासून वेगळं ठेवलं. ब्रिटिश मित्रांनी छापखान्यासाठी निधी दिला होता. स्वतःचं वर्तमानपत्र काढू नकोस, असं बोस्टनकरांनी सांगितलं. काही महिने तो थांबला. मग रॉचेस्टरला गेला, आणि 3 डिसेंबर 1847 ला ‘नॉर्थ स्टार’चा पहिला अंक निघाला. गॅरिसनबरोबरच्या दुराव्याची गोष्ट पुढच्या भागात.