सहा तारांचे भांडण

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या सकाळी आमच्या घरात भांडण जुंपले. दोघेही माझे भाचे. फराळाची ताटे पुढे तशीच, चिवड्याला कोणाचा हात नाही, आणि आवाज असा चढलेला की शेजारच्या काकूंनी खिडकीतून डोकावून पाहिले. मला वाटले, फटाक्यांची वाटणी असेल. पण वाद निघाला विजेच्या गिटारीचा! थोरल्याचे म्हणणे असे की, एडी व्हॅन हेलनसारखा गिटारवादक झाला नाही. त्याची बोटे दिसतच नाहीत, नुसता धबधबा ऐकू येतो. धाकट्याचे म्हणणे, धबधबा काय ऐकायचा? डेव्हिड गिल्मर एकच सूर धरून उभा राहतो, तो ऐक. अखेर दोघेही माझ्याकडे वळले. "मामा, तू मास्तर आहेस. तूच नंबर लाव."

नंबर लावणे हा माझा पोटाचा धंदा खराच. पण या विषयात मी दोन्ही पक्षांइतका हट्टी नसलो, तरी अगदी कोराही नाही. पुष्कळ वर्षे मी हे संगीत ऐकत आलो आहे.

ज्यांना त्याचा परिचय नाही त्यांच्यासाठी सांगतो. रॉकच्या गाण्यात गाणारा मध्येच थांबतो आणि गिटारवाला एकटा पुढे सरसावतो. तो मिनिटभर, दोन मिनिटे जे वाजवतो त्याला सोलो म्हणतात. त्या दोन मिनिटांवरून त्याचे रसिक पन्नास-पन्नास वर्षे भांडतात.

मौज अशी की, या वाद्याला मुळी आवाजच नव्हता. अमेरिकेतील जाझच्या ताफ्यांत कर्णे आणि ढोल यांच्या गदारोळात बिचारी गिटार मागे बसून ठेका धरी. १९३०च्या सुमारास कोणी युक्ती काढली की, लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळून ते वेटोळे गिटारीच्या पोलादी तारांखाली बसवावे. तार थरथरली की वेटोळ्यात तशीच थरथरती वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धकातून तोच सूर मोठा होऊन बाहेर पडतो. १९३९ साली चार्ली ख्रिश्चन नावाचा कृष्णवर्णी तरुण ही गिटार घेऊन बेनी गुडमनच्या ताफ्यात आला, आणि मागच्या रांगेतले वाद्य पुढे येऊन बोलू लागले. १९४२ साली पंचविसाव्या वर्षी क्षयाने तो गेला. पुढे १९५४ साली लिओ फेंडर याने स्ट्रॅटोकास्टर नावाची गिटार बाजारात आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

भांडणाला खरा रंग चढला तो लंडनमध्ये. साठीच्या दशकाच्या मध्याला इस्लिंग्टन भागात पत्र्याच्या एका कुंपणावर कोणी भक्ताने रंगाने लिहून ठेवले : क्लॅप्टन देव आहे. एरिक क्लॅप्टन तेव्हा जेमतेम विशीचा. त्या लिखाणाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याच अक्षरांखाली एक कुत्रा पाय वर करून आपले नित्यकर्म उरकतो आहे! देवपणाची मर्यादा त्या मुक्या प्राण्याला अधिक कळली असावी.

कारण लवकरच १ ऑक्टोबर १९६६ हा दिवस उजाडला. क्लॅप्टनचा क्रीम हा त्रिकुटी ताफा रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निकमध्ये वाजवीत होता. अमेरिकेहून आठवड्यापूर्वीच आलेला एक तेवीस वर्षांचा पोरगा तेथे आला आणि मंचावर येऊन एक गाणे वाजवू देण्याची परवानगी मागू लागला. असले धाडस तोवर कोणी केले नव्हते. हा जिमी हेंड्रिक्स. डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा आपल्या सोयीने उलट क्रमाने लावून वाजवणारा. स्वरलिपी वाचता येत नाही. त्याने हॉवलिन वुल्फचे एक गाणे अशा चढ्या लयीत सुरू केले, आणि गिटार कधी पाठीमागे तर कधी दातांनी वाजवून असा काही कहर केला की, गाण्याच्या मध्येच क्लॅप्टनचे हात खाली आले आणि तो आत निघून गेला. हेंड्रिक्सला लंडनला आणणाऱ्या चास चँडलरने ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली.

भक्तमंडळींना येथे दुष्मनी दिसते. पण क्लॅप्टननेच सांगितलेली दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९७० साली त्याला एका दुकानात डावखुऱ्या माणसासाठी बनवलेली स्ट्रॅटोकास्टर दिसली. जन्मभर उलटी गिटार वाजवणाऱ्या मित्राला द्यावी म्हणून त्याने ती विकत घेतली आणि एका जलशाला बरोबर नेली. मित्र काही भेटला नाही. १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स वारला. वय सत्तावीस.

असो. भाच्यांच्या वादाकडे वळू. अमेरिकेतील रोलिंग स्टोन हे नियतकालिक अधूनमधून थोर गिटारवादकांची क्रमवारी छापते, आणि दर वेळी नव्या भांडणाला सरपण पुरवते. २००३च्या यादीत एडी व्हॅन हेलन सत्तरावा होता. २०११ साली तो आठवा झाला, आणि २०२३ साली चौथा. क्लॅप्टन २०११ साली दुसरा होता, तो २०२३ साली पस्तिसावर घसरला. 'इरप्शन' ही व्हॅन हेलनची एक मिनिट बेचाळीस सेकंदांची करामत १९७८ साली बाजारात आली. त्यात पुढे एका सुराचीही भर पडलेली नाही. मग माणूस सहासष्ट पायऱ्या चढला कसा? हेंड्रिक्स तेवढा तिन्ही याद्यांत पहिला.

हे वाचताना मला माझ्याच एका पापाची आठवण झाली. वर्गात एक मुलगा होता. ऱ्हस्वदीर्घाच्या नावाने पूज्य. आजीच्या म्हशीवर त्याने लिहिलेल्या निबंधाला मी पंधरापैकी चार गुण दिले. ती म्हैस मला अजून डोळ्यांसमोर दिसते. त्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाने कशावर लिहिले होते, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

या गिटारवाल्यांची चरित्रे पाहिली तर असली चार गुणांची माणसेच फार भेटतात. बी. बी. किंग घ्या. त्याचा नातलग बुक्का व्हाइट बोटात नळी घालून ती तारेवरून घसरवी, आणि गिटार माणसासारखी विव्हळे. किंगला ते काही केल्या जमेना. म्हणून तो बोटानेच तार दाबून हलवू लागला, आणि त्या थरथरीतून असा सूर निघाला की, एका सुरावरून त्याला ओळखावे. गाताना वाजवणे त्याला जमत नसे. तो एक ओळ गाई आणि मग गिटार उत्तर देई. १९४९च्या हिवाळ्यात ट्विस्ट नावाच्या गावात तो वाजवीत असता दोघा पुरुषांची मारामारी झाली, रॉकेलची शेगडी उलटली आणि सभागृह पेटले. बाहेर पळालेला किंग गिटारीसाठी पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून झाल्याचे कळले तेव्हा त्याने गिटारीला तेच नाव दिले. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण राहावी म्हणून.

आणि टोनी आयोमी! बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली, सतराव्या वर्षी, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली हात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले. कारखान्यातील वरिष्ठाने मात्र घरी येऊन एक ध्वनिमुद्रिका बळेच ऐकवली, आणि मग सांगितले की, हा जँगो राइनहार्ट. १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत डावा हात भाजल्यापासून दोनच बोटांनी सोलो वाजवतो. आयोमीने साबणाच्या द्रवाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, वर चामड्याचे तुकडे चिकटवले. तारा हलक्या घेतल्या, पुढे सैलही केल्या. त्या सैल तारांतून जो खर्जातला, अंगावर येणारा नाद निघाला, त्यावर ब्लॅक सॅबथ हा ताफा उभा राहिला. आज जगभर त्या वळणाचे संगीत वाजवणारी धडधाकट दहा बोटांची मुले तोच नाद काढण्यासाठी तारा सैल करतात.

हे सारे मी भाच्यांना सांगितले. थोरला म्हणाला, "पण एडी तर धडधाकट होता." ते खरेच होते, माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग मी त्याच्याच मोबाइलवर एक जुने चित्रण लावायला सांगितले.

मे १९६४. मँचेस्टरमधील बंद पडलेले एक रेल्वे स्थानक. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर मंच, आणि नुकताच पाऊस येऊन गेलेला. घोडागाडीतून एक प्रौढ कृष्णवर्णी बाई उतरते, अंगात जाड कोट. ही सिस्टर रोझेटा थार्प. चर्चची भजने गात वाढलेली, हेंड्रिक्स रांगत होता तेव्हा विजेच्या गिटारीवर गाणारी. पाऊस पाहून ती ठरलेले गाणे बाजूला ठेवते आणि पावसाचेच भजन धरते. मध्येच कोटाच्या बाह्या सावरून सोलो वाजवते, आणि हसते. १९७३ साली ती वारली. २००३च्या यादीत ती नव्हती. २०११च्या यादीतही नव्हती. २०२३ साली ती सहावी आली.

दोघेही गप्प बसून पाहत होते. चित्रण संपल्यावर धाकट्याने ते पुन्हा लावले. मग थोरला एकदम उसळून म्हणाला, "सहावी? का म्हणून सहावी?" धाकट्याचे म्हणणे पडले की, गिल्मरच्या वर मात्र नको. आवाज पुन्हा चढले. मी चकल्या आणायला आत गेलो.