सिनाय पर्वत: नाव एक, डोंगर अनेक

इजिप्तच्या सिनाय द्वीपकल्पात, दक्षिणेकडील ग्रॅनाइटच्या डोंगररांगांत, जबल मूसा हे २,२८५ मीटर उंचीचे शिखर आहे. मध्यरात्र उलटली की यात्रेकरू विजेऱ्या घेऊन ते चढू लागतात आणि सूर्योदयाला माथ्यावर पोहोचतात. मोशेला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या त्या इथेच, अशी त्यांची श्रद्धा. पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे. तो सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधवला.

मात्र या डोंगराला सिनाय मानल्याचे ठाम उल्लेख इसवी सनाच्या चौथ्या शतकापासूनच सापडतात. त्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची यात्रेकरू स्त्री इथे आली, तेव्हा खोऱ्यांतून ख्रिस्ती तपस्वी राहत होते. मोशेच्या कथेतील एकेक जागा त्यांनी तिला दाखवली. ज्या निर्गमनाची ही कथा, ते घडले असे मानणारे बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इसवी सनपूर्व तेराव्या शतकाच्या आसपास ठेवतात. मधली दीड हजारांहून अधिक वर्षे कोरीच राहतात.

एवढी मोठी जागा विसरली कशी गेली? हिब्रू बायबलमध्ये मोशेनंतर त्या पर्वताकडे परत जाणारा एकच माणूस भेटतो, संदेष्टा एलीया. तोही जीव वाचवून पळालेला. यहुद्यांची यात्रा जेरुसलेमच्या मंदिराकडे वळली होती. सिनायला मिळालेले नियमशास्त्र लोकांजवळ होतेच, मग त्या पर्वताचा रस्ता लक्षात ठेवण्याची गरज कुणाला उरली?

उरले ते ग्रंथातील उल्लेख, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. पर्वताचे नावदेखील एक नाही: कुठे सिनाय, कुठे होरेब. ‘अनुवाद’ या ग्रंथानुसार होरेबपासून कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट आहे. निर्गमाच्या एकोणिसाव्या अध्यायात पर्वत भट्टीसारखा धुमसतो, थरथरतो. मोशे मेंढरे चारीत होरेबला पोहोचतो, ती मेंढरे मिद्यानी सासऱ्याची. आणि मिद्यान साधारणपणे अकबाच्या आखाताच्या पूर्वेस, आजच्या वायव्य सौदी अरेबियात मानतात. जुन्या काव्यांत तर देव सेईर, पारान, तेमान या बाजूंनी येतो.

यांपैकी जे वाक्य संशोधकाने उचलून धरले, तसा त्याचा डोंगर ठरला.

धूर आणि कंप धरून इंग्रज प्रवासी चार्ल्स बीक याने १८७३ मध्ये सिनाय हा ज्वालामुखी असल्याचे मांडले. पुढच्याच वर्षी उतारवयात तो अकबाजवळ गेला, आपला डोंगर त्याने शोधला, आणि तो ज्वालामुखी नसल्याचे प्रांजळपणे कबूलही केले. काही महिन्यांतच तो वारला. असा प्रांजळपणा या वादात क्वचितच दिसतो. पुढे अलोइस मुसिलने वायव्य अरबस्तानातील हला-अल-बद्र हा खरोखरचा ज्वालामुखी सुचवला. पण कादेश मानले जाणारे ऐन अल-कुदैरात तिथून सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडते. मुलाबाळांसह अकरा दिवसांत ते कसे कापायचे?

इटालियन पुरातत्त्वज्ञ एमान्युएल अनाती याने नेगेव्हच्या वाळवंटातील हर करकोम निवडला. तिथे शैलचित्रे आहेत, दगडी पूजास्थाने आहेत. अडचण काळाची: तिथली धार्मिक वर्दळ इसवी सनपूर्व २००० च्या सुमारास थांबते. त्यावर अनातीने निर्गमनच सुमारे हजार वर्षे मागे नेले. शिवाय ऐन अल-कुदैरात तिथून अवघे पन्नासेक किलोमीटर दूर. त्या मानाने जबल मूसाचे अंतर अकरा दिवसांशी बरे जुळते.

समाजमाध्यमांवर सर्वाधिक फिरतो तो सौदी अरेबियातील जबल अल-लौझ. त्याची प्रसिद्धी १९८० च्या दशकात रॉन वायट या हौशी अमेरिकन शोधकामुळे वाढली. शेजारच्या शिखराचा काळा माथा दैवी अग्नीने जळल्याची खूण म्हणून दाखवला जातो. प्रत्यक्षात तो गडद खडक आहे. पौलाने सिनायला अरबस्तानात म्हटले, हाही दाखला नेहमी पुढे येतो. पण त्या काळी सिनाय द्वीपकल्पालाही अरबस्तानच म्हणत.

तरीही पूर्वेकडे पाहणारे सगळेच भाबडे नाहीत. नूबियातील सोलेब येथे तिसऱ्या आमेनहोतेपच्या मंदिरात, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकात, शासू या भटक्या लोकांच्या एका भूमीचे नाव कोरले आहे. ते ‘यहवे’ या नावाशी जुळते, आणि ही भूमी मृत समुद्राच्या दक्षिणेस असावी असे अनेकांचे मत आहे. ईशान्य सिनायमधील कुंतिलत अजरूद येथे १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात इसवी सनपूर्व ८०० च्या सुमाराचे शिलालेखीय मजकूर मिळाले. त्यांत ‘तेमानचा यहवे’ असा उल्लेख आहे. तेमान म्हणजे दक्षिण. वाळवंटातील त्या थांब्यावर मातीच्या मोठ्या रांजणांवर शाईने आशीर्वाद लिहिणाऱ्यांना आपला देव कोणत्या दिशेचा हे ठाऊक होते. पर्वताचे नाव मात्र त्यांनी कुठेही लिहिलेले नाही.