तळटीप १४ : प्रिन्सचे ‘किस’

१४. हा उल्लेख प्रिन्सच्या ‘किस’ (अल्बम ‘परेड’, १९८६) या गाण्याचा. प्रिन्सने त्याचा कच्चा नमुना आधी माझाराटी या बँडला दिला होता. निर्माता डेव्हिड झेड याने त्याला ठेका चढवला, तेव्हा प्रिन्सने गाणे परत घेतले आणि त्यातला बेसच काढून टाकला. बेस हाच फंकचा प्राण मानणाऱ्यांना हा धक्काच! उरला ड्रम मशीनचा कोरडा ठेका आणि जेम्स ब्राउनच्या वळणाची तुटक गिटार. त्यावर प्रिन्स फॉल्सेटोत, नेहमीच्या पट्टीच्या कितीतरी वर गातो. आवाज बाईचा की पुरुषाचा, याचा निवाडा तो मुद्दाम होऊ देत नाही. लेखक याला ‘नुसती पॉप चाल’ म्हणतात, ते पटत नाही. एप्रिल १९८६मध्ये हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिले आले.