कॅमेऱ्याच्या आधीचं घड्याळ: वेगाच्या दंडाची गोष्ट

माझे मामा पुणे-मुंबई टुरिस्ट गाडी चालवतात. घरी गेले की ते माझ्या पीएचडीची थट्टा करतात, "काय गं, अजून जुनी कागदंच चाळतेस का?" या वेळी मात्र मोबाईल पुढे करून म्हणाले, "हे वाच आधी. कॅमेरा दिसला की मी ब्रेक मारतो. तरी चलान आलंच कसं?"

प्रश्न साधा वाटला, पण त्याचं उत्तर मला थेट १८९६ सालात घेऊन गेलं. वेगाच्या दंडाचा इतिहास म्हणजे खरं तर पुराव्याचा इतिहास आहे. गाडी जोरात गेली हे सांगणारा कोण, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा?

जानेवारी १८९६. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातलं पॅडक वुड गाव. वॉल्टर अर्नोल्ड नावाचा गृहस्थ आपली मोटार ताशी ८ मैलांनी, म्हणजे जेमतेम १३ किलोमीटरच्या वेगाने, गावातून घेऊन गेला. तेव्हा वस्तीत मर्यादा होती ताशी २ मैल! गाडीपुढे माणूस चालत असणंही सक्तीचं होतं. पोलीस शिपायाने सायकलवरून त्याचा पाठलाग करून त्याला पकडलं. वेगासाठी दंड झाला १ शिलिंग. जगातला वेगाचा पहिला दंड म्हणून बहुतेक ठिकाणी हाच सांगितला जातो. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनने मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढवली.

१९०३ च्या कायद्याने ती २० मैल झाली आणि पोलिसांनी नवी युक्ती काढली. रस्त्याचा एक तुकडा आधीच मोजून ठेवायचा, झुडपाआड दबा धरून बसायचं आणि गाडीला तो तुकडा पार करायला किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर बघायचं. मोटारवाले अर्थातच चिडले. १९०५ साली ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन झाली ती मुळात या सापळ्यांची सूचना सभासदांना देण्यासाठी. तिचे माणसं सायकलवरून फिरत आणि पुढे पोलीस असले तर गाडीवाल्यांना सावध करत. १९१० मध्ये कोर्टाने ठरवलं की वेगात असलेल्याला असं सावध करणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. मग संस्थेने उलटा मार्ग शोधला: आमच्या माणसाने सलाम केला नाही, तर थांबून कारण विचारा! आपल्याकडे समोरून येणारा डिपर मारतो ना, त्याची ही पणजी.

१९०३ च्या त्याच कायद्यात एक छोटं कलम होतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं. एकाच साक्षीदाराच्या नुसत्या मतावर कुणाला वेगासाठी दोषी धरायचं नाही. "मला वाटलं गाडी जोरात होती" एवढं पुरेसं नाही, मोजमाप हवं. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १८३ याच वळणाचं आहे. एकट्या साक्षीदाराचं मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या आधारावर असेल, तरच ते चालतं.

म्हणजे यंत्र आलं ते नुसतं पकडायला नाही, तर मनमानीला आळा घालायलाही.

हे यंत्र बनवलं एका शर्यतवाल्याने. मॉरिस गॅट्सोनिडीस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ च्या माँटे कार्लो रॅलीचा विजेता. वळणावर आपण किती वेगात जातो हे त्याला मोजायचं होतं, ते आणखी जोरात जाण्यासाठी! रस्त्यावर दोन रबरी नळ्या आडव्या टाकायच्या. पहिलीवर चाक गेलं की घड्याळ सुरू, दुसरीवर गेलं की बंद. १९५८ साली त्याने कंपनी काढली आणि तेच उपकरण पोलिसांच्या हातात गेलं. नंतर नळ्यांची जागा रडारने घेतली. ब्रिटनमध्ये त्याच्या नावाचे 'गॅट्सो' कॅमेरे १९९२ पासून लागले. ते अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढायचे. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघांवरून गाडी किती सरकली ते मोजता यायचं, म्हणजे रडारचीही उलटतपासणी.

आता मामांचं उत्तर. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत सरासरी वेग मोजणारे कॅमेरेही आहेत. पहिला कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, पुढचा पुन्हा टिपतो, मधलं अंतर भागिले वेळ. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून उपयोग नाही. गंमत म्हणजे पद्धत तीच, झुडपाआडच्या स्टॉपवॉचची!

चालकांनी आणखी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय कायद्यात हलक्या वाहनाला १ ते २ हजार, तर मध्यम-जड मालवाहू आणि प्रवासी वाहनांना २ ते ४ हजार रुपये दंड आहे. पुन्हा सापडलात तर लायसन्स जप्त होऊ शकतं. २०२१ च्या नियमांनुसार उपकरणाला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी सूचनाफलक हवा. चलानात फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण हवं, आणि नोटीस १५ दिवसांत यायला हवी. मामांच्या चलानात हे सगळं होतं. त्यांनी गपचूप पैसे भरले.

पण मग म्हणाले, "मालक सांगतो अडीच तासांत एअरपोर्ट गाठ. पावती मात्र माझ्या नावावर फाटते."

मी त्यांना कलम १८३ पुढे वाचून दाखवलं. नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणारा मालकही त्यात दोषी आहे. मर्यादा मोडल्याशिवाय शक्यच नाही अशी वेळ ठरवून देणं, हा त्या मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. मामा जरा वेळ गप्प बसले. "हे कॅमेऱ्यात दिसतं का?"

नाही दिसत. कॅमेरा गाडीचा वेग मोजतो, मागची घाई मोजत नाही. पण घाईचा हिशेब आपण करू शकतो. ९४ किलोमीटर सपाट रस्ता धरला तरी १०० ऐवजी १२० ने गेल्यास वाचतात साधारण ९ मिनिटं. आणि ८० वरून १०० वर गेलं की धडकेची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

ब्रिटनने १९३० च्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादाच काढून टाकली होती. १९३४ साली तिथे रस्त्यांवर ७,३४३ माणसं गेली. १९३५ च्या मार्चमध्ये वस्तीतली ३० मैलांची मर्यादा आली. ती शिपायांच्या हौसेसाठी आली नव्हती.

मामांनी मालकाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पण परवा फोनवर म्हणाले, हल्ली पॅसेंजरला अर्धा तास लवकर बोलवतो.